ताई, सगळं शेवटी माझ्याकडेच येतं!

या वेळची पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती. प्रश्न वेगवेगळ्या लोकांचे आहेत, कुणी नुकताच टीम लीड झालाय, कुणी पंधरा वर्षं माणसं सांभाळतंय, कुणाला स्वतःलाच शिस्त लावायचीय, पण जवळजवळ प्रत्येक पत्रात लिहिणारा माणूस घाईत आहे, उत्तर द्यायच्या घाईत, सुधारायच्या घाईत, समोरच्याला बदलायच्या घाईत. पहिल्या पत्राला दिलेलं उत्तर जरा लांबलंय, कारण तशी पत्रं मला दर महिन्याला येतात आणि खरं सांगायचं तर कोच म्हणून, म्हणजे ऑफिसातल्या माणसांना प्रश्न विचारत त्यांचं उत्तर त्यांनाच शोधायला मदत करताना, माझं निम्मं काम त्याच एका विषयावर चालतं.

प्रश्न : नमस्कार ताई. मी आठ महिन्यांपूर्वी टीम लीड झालो. त्याआधी पाच वर्षं त्याच टीममध्ये होतो आणि कामात सगळ्यांच्या पुढे होतो, म्हणूनच प्रमोशन मिळालं. आता नऊ जण मला रिपोर्ट करतात. दिवसभर कुणी ना कुणी येऊन विचारतं, सर हे कसं करू, ते कुणाला पाठवू, मी सांगत बसतो आणि माझं स्वतःचं काम संध्याकाळी सातनंतर सुरू होतं. कुणाला काम दिलं तर मनासारखं होत नाही, मग मीच रात्री बसून नीट करतो. बॉस म्हणतात, डेलिगेट कर. म्हणजे नक्की काय करू? मला तर टीमच कच्ची वाटायला लागलीय. सगळं शेवटी माझ्याकडेच येतं!

उत्तर : तुमची टीम कच्ची आहे की नाही हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, "मीच रात्री बसून नीट करतो", त्यावर मी अडकले. आता ज्याचं काम तुम्ही रात्री नीट केलंत त्याची सकाळ डोळ्यासमोर आणा. तो येतो, फाइल उघडतो, बघतो तर त्याने लिहिलेलं निम्मं गायब, तिथे तुमचं. कुणी त्याला काही बोललेलं नाही, काय चुकलं ते सांगितलेलं नाही, फाइल मात्र बदललीय. पुढच्या वेळी तो जीव ओतून काम करेल का? तो हातचं राखून करेल, कारण सर शेवटी त्यांना हवं तसंच करणार हे त्याला कळून चुकलंय. मग ते कच्चं काम बघून तुम्ही म्हणणार की टीम कच्ची आहे. हे चक्र आहे आणि त्याचा एक दांडा तुमच्या हातात आहे, ही वाईट बातमी नाही हो, उलट चांगली आहे, कारण तो तुम्हाला सोडता येतो.

दुसरं म्हणजे, यात तुमच्या एकट्याचं काही चुकलंय असं मनात आणू नका. जो कामात सगळ्यात भारी त्यालाच साहेब करायचं ही पद्धत सगळीकडे आहे, आणि तिचा घोटाळा लॉरेन्स पीटर यांनी 1969 मध्येच मांडला होता, की माणूस आधीच्या कामातल्या यशावर वर चढत जातो आणि जे काम त्याला जमत नाही तिथे जाऊन थांबतो. पुढे 2019 मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांनी, अ‍ॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी, शंभराहून जास्त अमेरिकन कंपन्यांच्या सेल्समधल्या लोकांचा डेटा तपासला तर दिसलं की जो जास्त विक्री करतो त्याला बढती मिळायची शक्यता जास्त, पण अशा स्टार माणसाच्या हाताखाली गेल्यावर टीमची कामगिरी मात्र इतरांच्या मानाने खाली येते. याचा अर्थ तुम्ही लायक नाही असा अजिबात नाही. अर्थ एवढाच की तुम्हाला प्रमोशन एका कामासाठी मिळालं आणि करायला दिलंय दुसरंच, आणि हे दुसरं काम शिकवलं कुणीच नाही.

एक प्रसंग सांगते. माझ्याकडे एक मॅनेजर यायचे, तक्रार अगदी तुमचीच. एकदा पन्नास मिनिटांच्या सेशनमध्ये त्यांनी चार फोन घेतले. प्रत्येक फोन मिनिटभराचा, प्रत्येक वेळी खुर्चीतून उठून खिडकीपाशी जायचे, पटापट दोन वाक्यांत सोल्युशन द्यायचे आणि परत येऊन बसताना चेहरा जरा उजळलेला असायचा, तो मी बघत होते. चौथ्या फोननंतर मी विचारलं, आत्ता ज्याने फोन केला त्याला उत्तर माहीत नव्हतं का? ते म्हणाले, माहीत असणार, तीन वर्षं तेच काम करतोय. मग फोन का केला असेल? यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, पेनचं टोपण काढत होते, लावत होते, परत काढत होते. मीही गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "कारण मी उचलतो."

त्या दिवशी मी बाकी काहीच केलं नाही. त्या तीन शब्दांत सगळं आलं होतं, आणि हेच मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि पाचवा फोन उचलला असता.

तेव्हा तुमच्यासाठी पहिलं काम, एक आठवडा काहीही बदलू नका, फक्त टेबलावर एक कागद ठेवा आणि कुणी विचारायला आलं की एक रेघ मारा. दोनच रकाने करा, याला उत्तर खरंच माहीत नव्हतं आणि याला माहीत होतं किंवा शोधता आलं असतं. शुक्रवारी रेघा मोजा. दुसऱ्या रकान्याला डेलिगेशनची गरजच नसते, तिथे तुम्ही फक्त थांबायचंय.

थांबायचं म्हणजे किती? मेरी बड रो नावाच्या शिक्षण-संशोधक होत्या, त्यांनी 1970 च्या दशकात वर्गातल्या संवादांची रेकॉर्डिंग तपासली तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, लगेच स्वतः बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तेच शिक्षक तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांब झाली, "माहीत नाही" कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद! ऑफिसात माणसं मोठी असतात एवढाच फरक. करून बघा, जिभेवर उत्तर तयार असताना तीन सेकंद गप्प बसणं किती जड जातं ते पहिल्याच दिवशी कळेल.

आणि मग विचारा, "तू यावर काय विचार केलायस?" पण याचा सूर फार महत्त्वाचा, हेच वाक्य परीक्षा घेतल्यासारखं विचारलं तर समोरच्याचा घसा कोरडा पडतो. आम्ही कोच लोक जो ढाचा सर्रास वापरतो तो ग्रो (GROW), म्हणजे गोल, रिअ‍ॅलिटी, ऑप्शन्स, विल या चार शब्दांची आद्याक्षरं, 1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये जॉन व्हिटमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून तो पुढे आला. साध्या मराठीत तो चार प्रश्नांचा आहे, तुला नक्की काय व्हायला हवंय, आत्ता काय चाललंय, काय काय करता येईल, आणि यातलं तू काय करणार, कधी? बहुतेक मॅनेजर उडी मारून तिसऱ्यावर जातात, "अरे मग असं कर ना". माझा अनुभव सांगते, दुसऱ्या प्रश्नावर वेळ काढा. आत्ता काय चाललंय हे माणूस नीट सांगायला लागला की निम्म्या वेळा मधेच थांबतो आणि म्हणतो, अच्छा, कळलं मला, बघतो मी.

पण सगळ्यांना प्रश्नच विचारत सुटायचं नाही हं. जो मागच्या सोमवारी जॉइन झालाय त्याला "तुला काय वाटतं" विचारणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं, त्याला स्पष्ट सांगा, करून दाखवा. आणि कस्टमर फोनवर ओरडतोय, सिस्टीम बंद पडलीय तेव्हाही सरळ सांगा काय करायचं ते, प्रश्न नंतर. माणूस त्या कामात किती तयार आहे त्यावर आपली पद्धत बदलायची, एकच माणूस एका कामात तयार आणि दुसऱ्यात नवखा असू शकतो, हे विसरू नका.

आता रात्रीचं. काम देताना चार गोष्टी बोलून घ्या, शेवटी काय हातात हवंय, कधी, कुठले निर्णय तो स्वतः घेऊ शकतो, आणि मधे एकदा आपण कधी बघणार. तुमचं हे मधलं बघणं राहतं म्हणून शेवटच्या रात्री धक्का बसतो. आणि काम परत आल्यावर फाइलला हात लावायचा नाही, जिथे खटकलं तिथे कमेंट लिहायची आणि त्यालाच परत द्यायची. पहिले दीड-दोन महिने काम हळू होईल, हे बॉसला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच डेडलाइनला तुम्ही परत रात्री बसाल.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच करावी लागेल, तिथे मी काही मदत करू शकत नाही. लोक आपल्याकडे येतात, आपल्याशिवाय अडतं, याचं एक सुख असतं, ते वाईट नाही, पाच वर्षं तुम्ही त्यावरच तर उभे होतात. टीम स्वतः करायला लागली की तो फोन वाजायचा कमी होतो आणि काही दिवस फार रिकामं वाटतं. ते रिकामं वाटणं सहन करा, लगेच भरायला जाऊ नका.

प्रश्न : मी स्पष्ट बोलणारी आहे, मनात एक तोंडावर एक मला जमत नाही. टीममधल्या एका मुलाला मीटिंगनंतर बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्यात ओनरशिपच नाहीये. त्याच्या चांगल्यासाठीच सांगितलं, चारचौघांत नाही सांगितलं. तेव्हापासून तो जेवढ्यास तेवढं बोलतो, काम पण आधीपेक्षा ढिलं झालंय. फीडबॅक द्यायचाच नाही का?

उत्तर : द्यायचा, नक्की द्यायचा. पण मला एक सांगा, ओनरशिप, म्हणजे काम आपलं मानून करणं, नाही हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का? ते दिसत नसतं. तुम्ही पाहिलंत ते काहीतरी वेगळंच असणार, उदाहरणार्थ मंगळवारचा रिपोर्ट गुरुवारी आला आणि उशीर होणार हे त्याने आधी कळवलं नाही. एवढं तुम्ही पाहिलंत, त्यावरून मनात निकाल लावलात आणि त्याच्या हातात दिलात तो फक्त निकाल. रिपोर्ट लवकर देणं त्याला जमलं असतं हो, पण "ओनरशिप नसलेला माणूस" असण्याचं त्याने काय करायचं? कुठून सुरुवात करायची?

फीडबॅक दिला की काम सुधारतंच असं आपण धरून चालतो, ते तसं नाही. क्लुगर आणि डेनिसी या दोघांनी 1996 मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांतले सहाशेहून जास्त निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तर सरासरी फायदा दिसला खरा, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर कामगिरी चक्क खाली गेली होती. त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून उठून "मी कसा आहे" यावर गेलं की फीडबॅकची धार उलटी फिरते. तुमच्या त्या मुलाचं नेमकं हेच झालंय असं मला वाटतं, तो आता रिपोर्टचा विचारच करत नाहीये.

मी स्वतः हे केलंय म्हणून इतक्या जीव तोडून सांगतेय. नोकरीत असताना एका ज्युनिअर मुलीला मी म्हटलं होतं, तू सीरियस नाहीयेस. दोन आठवड्यांनी कळलं की ती ज्या आकड्यांची वाट बघत थांबली होती ते माझ्याच मेलबॉक्समध्ये पडून होते. मी तिची माफी मागितली, तिने "इट्स ओके मॅडम" म्हटलं, पण त्यानंतर तिने मला कधीच स्वतःहून काही विचारलं नाही. ते अजून टोचतं.

तुमच्या हातात अजून वेळ आहे. त्याला बोलवा आणि आधी तुमचा शब्द मागे घ्या, म्हणा की त्या दिवशी मी ओनरशिप हा शब्द वापरला, तो चुकीचा होता, मला खरं बोलायचं होतं ते त्या रिपोर्टबद्दल, तो दोन दिवस उशिरा आला आणि मला कळलं नाही म्हणून मला पुढे क्लायंटला उत्तर देता आलं नाही. नेमकं काय झालं होतं? आणि मग ऐका. मधे "हो पण" नाही. आधी एक कौतुक, मग टीका, मग परत कौतुक अशी जी पद्धत शिकवतात ती मला कधीच पटली नाही, माणूस ते पहिलं कौतुक ऐकतानाच मनात म्हणतो, आता काय येतंय पुढे. कौतुक करायचंच तर वेगळ्या दिवशी करा, आणि तेही तितकंच नेमकं. स्पष्टपणा सोडायची गरज नाही, तो फक्त घडलेल्या गोष्टीबद्दल ठेवा.

प्रश्न : ताई, मी 23 वर्षांचा आहे. पहाटे उठून वाचायचं, लिहायचं असं दर वेळी ठरवतो. 21 दिवस केलं की सवय लागते म्हणतात, माझं आठव्या-नवव्या दिवशी एक खाडा झाला की सगळं बंद. माझ्यात विल पॉवरच नाही का?

उत्तर : अरे, ते 21 दिवसांचं आधी डोक्यातून काढून टाक. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या रोजच्या सवयी बारा आठवडे तपासल्या, 2009 मध्ये ते प्रसिद्ध झालं, त्यात त्या आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधला तर सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असं निघालं, कुणाला 18 तर कुणाला 254. आणि तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे एखाद्या दिवसाच्या खाड्याने फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे तुझी सवय त्या नवव्या दिवसाच्या खाड्याने मोडली नाही, दहाव्या दिवशी "गेलं सगळं" म्हणून तू सोडून दिलंस तिथे मोडली. पहाटेचं भव्य वेळापत्रक बाजूला ठेव, जे तू रोज करतोसच त्याला एक छोटी गोष्ट जोड, दात घासून झाले की एक पान वाचायचं, बास. आणि खाडा झाला तर काय करायचं तेही आजच लिहून ठेव.

प्रश्न : मी पंधरा वर्षं टीम सांभाळतोय. माझ्या मीटिंगमध्ये कुणी बोलतच नाही. मी दर वेळी विचारतो, काही शंका? सगळे मूग गिळून गप्प. मग प्रोजेक्ट फसल्यावर कळतं की दोघातिघांना आधीच माहीत होतं. इतके अप्रामाणिक का असतात लोक?

उत्तर : सर, अप्रामाणिक नाहीत ते, सावध आहेत, आणि सावध का आहेत ते तुम्हालाच शोधायचंय. एमी एडमंडसन यांचा 1990 च्या दशकातला एक अभ्यास मी प्रत्येक सीनिअर मॅनेजरला सांगते. त्या हॉस्पिटलमधल्या टीम्स बघत होत्या, औषधं देताना कुठे किती चुका होतात, अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील, आणि आकडे आले उलटे, ज्या टीम चांगल्या समजल्या जात होत्या तिथेच चुकांची नोंद जास्त. मग उलगडलं की त्या चुका जास्त करत नव्हत्या, त्या चुका बोलून दाखवत होत्या. दुसरीकडे चुका झाकल्या जात होत्या. त्यावरूनच पुढे 1999 मध्ये त्यांनी मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवली तरी आपल्याला त्रास होणार नाही या भरवशाची, कल्पना टीम्सच्या संदर्भात मांडली.

तेव्हा आठवून बघा, शेवटचं कुणी तुमच्याकडे वाईट बातमी घेऊन आलं तेव्हा तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय गेलं? "हे आत्ता सांगतोयस?" असं गेलं असेल तर खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि वर्षभर लक्षात ठेवलं. वाईट बातमीला पहिला शब्द "बरं झालं सांगितलंस" हाच असू दे, चिडायला नंतर वेळ मिळतो.

"काही शंका?" हा प्रश्न मात्र बंदच करा, त्याचं उत्तर नेहमी "नाही सर" असतं. त्याऐवजी म्हणा, समजा सहा महिन्यांनी हा प्रोजेक्ट पार फसलाय, प्रत्येकाने कागदावर कारणं लिहा. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी रूढ केलेली ही युक्ती, प्री-मॉर्टेम म्हणतात. यात शंका काढणं म्हणजे सरांच्या प्लॅनला विरोध असं राहत नाही, ते दिलेलं काम होतं. कागद वाचताना सगळ्यात ज्युनिअरपासून सुरू करा आणि तुमचं मत अगदी शेवटी, कारण तुम्ही एकदा बोललात की पुढचे सगळे तुमच्या मताच्या आजूबाजूलाच फिरणार.

प्रश्न : कंपनीने मला एक्झिक्युटिव्ह कोच दिलाय. सहकारी म्हणतात, म्हणजे तुझ्यात काहीतरी प्रॉब्लेम दिसलाय. शिवाय मी तिथे जे बोलेन ते एचआरपर्यंत जाईल अशी भीती वाटते. जाऊ का?

उत्तर : जा. कोच या शब्दाची एक गोष्ट सांगते. हंगेरीतल्या कोच नावाच्या गावात बनणाऱ्या घोडागाड्यांवरून हा शब्द युरोपभर गेला, आणि 1830 च्या सुमारास ऑक्सफर्डमधले विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीच्या मास्तरला कोच म्हणायला लागले, जणू गाडीच. कुठे जायचं ते गाडीत बसलेला सांगतो, म्हणून तिथे जाताना "मला काय सुधारायला सांगतील" याच्याआधी "मला कुठे जायचंय" हे मनाशी ठरवून जा. आणि कोच कंपन्या साधारण ज्यांच्यावर पुढे जबाबदारी टाकायचीय अशांनाही देतात, कधी खरंच एखादी अडचण असते म्हणूनही देतात, तुमच्या बाबतीत काय आहे ते बॉसलाच सरळ विचारा, अंदाज बांधत बसू नका.

भीतीचं म्हणाल तर ती योग्य आहे, लाजू नका. सुरुवातीला बहुतेक वेळा तुम्ही, तुमचे बॉस आणि कोच अशी तिघांची मीटिंग होते, तिथे उद्दिष्टं ठरतात, आणि नीट काम करणारा कोच त्यापलीकडे सेशनमधलं बोलणं तुमच्या परवानगीशिवाय बाहेर नेत नाही, फार तर किती सेशन झाली एवढं कळवतो. पण हे गृहीत धरू नका. आणखी एक, बरेच दिवस झोप उडालीय, कशातच मन लागत नाही, जीव नकोसा होतोय असं काही असेल तर ते कोचचं काम नाही, आधी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा, चांगला कोचही तुम्हाला हेच सांगेल.

पहिल्या सेशनला गेलात की खुर्चीत बसल्या बसल्या विचारा, "इथलं काय काय, कुणाला, कुठल्या स्वरूपात जाणार?" तो काय म्हणतो ते त्याच्यासमोरच वहीत लिहून घ्या, आणि मग बोलायला लागा.